पहिल्या दिवशी धार, आठव्या दिवशी थेंब: कार्बन डॉट घातलेला मेम्ब्रेन पुन्हा पुन्हा का बिघडतो

तक्रार दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येते. वाळलेल्या पानांपासून कार्बन डॉट (१० नॅनोमीटरहून लहान, चमकणारे कार्बनचे कण) बनवले, पॉलिसल्फोन या पॉलिमरच्या द्रावणात मिसळले, त्याचा पातळ थर ओढून पाण्याच्या बाथमध्ये घट्ट केला, की पाणी गाळायचा मेम्ब्रेन तयार. पहिल्या दिवशी फ्लक्स (ठरावीक क्षेत्रफळातून ठरावीक वेळात गाळून येणारं पाणी) साध्या, म्हणजे डॉट नसलेल्या, मेम्ब्रेनच्या दीडपट, पृष्ठभागावर टाकलेला थेंब छान पसरलेला, सगळे खूश. आठवडाभर पाणी सोडलं आणि आकडे साध्या मेम्ब्रेनच्या शेजारी येऊन बसले. नवा तुकडा लावला, पुन्हा तेच. मग पुढच्या खेपेला डॉटचं प्रमाण दुप्पट केलं जातं, आणि आता फ्लक्सही जातो, रिजेक्शनही (नको ते अडवण्याची क्षमता) जातं.

या वाटेनं मी स्वतः तीनदा गेलोय. प्रमाण वाढवणं हा या दुखण्यावरचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कुचकामी उपाय आहे. त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मिळवा: डॉट या घडीला कुठे आहे? मेम्ब्रेनमध्ये टिकून आहे, गाळलेल्या पाण्याबरोबर निघून गेलाय, मेम्ब्रेन घट्ट होताना बाथमध्येच उतरलाय, की मुळात बनलाच नव्हता? माझ्या अनुभवात शेवटची शक्यता लोक सगळ्यात कमी तपासतात आणि ती सगळ्यात जास्त वेळा खरी निघते.

आधी दोन खोटे आरोपी सोडून द्या

पहिला आरोपी तापमान. पाण्याची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) २० अंश सेल्सिअसला साधारण १.०० मिलिपास्कल-सेकंद असते आणि ३० अंशांना साधारण ०.८०. म्हणजे मेम्ब्रेन तोच, दाब तोच, तरी नुसत्या दहा अंशांच्या फरकानं फ्लक्स पाव पटीनं वर जातो. एक माप उन्हाच्या दुपारी आणि दुसरं गार सकाळी घेतलं असेल, तर तुमची अर्धी ‘घसरण’ थर्मामीटरमध्येच सापडेल. प्रत्येक मापाबरोबर पाण्याचं तापमान लिहा आणि सगळे आकडे २५ अंशांवर आणून मगच तुलना करा.

दुसरा आरोपी चेपणं. नव्या मेम्ब्रेनची सच्छिद्र बैठक दाबाखाली दबते, त्यामुळे सुरुवातीच्या तास-दोन तासांत फ्लक्स उतरतोच, मग मेम्ब्रेन साधा असो वा डॉटचा. पाण्याची ओढ असलेला पदार्थ द्रावणात घातला की आत बोटांसारख्या लांबट पोकळ्या मोठ्या होतात, आणि असा मेम्ब्रेन बऱ्याचदा जास्त चेपतो. चाचणीच्या दाबापेक्षा थोडा जास्त दाब देऊन आकडा स्थिर होईपर्यंत चालवा, मग दाब खाली आणा आणि तिथून मोजायला लागा. चेपण्याआधीचा आकडा वहीत लिहून ठेवायला हरकत नाही, पण तो निकाल म्हणून कुणाला दाखवू नका.

हे दोन्ही वजा करूनही घसरण उरत असेल, तर पुढे वाचा.

चमकतं ते सगळं डॉट नसतं

पानांची पूड पाण्यात घालून टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये १६० ते २०० अंशांवर काही तास ठेवली की तपकिरी पाणी मिळतं. ते गाळून ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरलं की निळं चमकतं. बरेच जण इथेच थांबतात: चमकलं, म्हणजे डॉट झाले.

त्या तपकिरी पाण्यात काय काय असतं ते बघा. साखर मोडून तयार झालेले फरफ्युरलच्या कुळातले रेणू, सेंद्रिय आम्लं, अर्धवट जुळलेल्या लहान साखळ्या, पानांतून आलेले पोटॅशियमसारखे क्षार, आणि या सगळ्यांच्या गर्दीत थोडे डॉट. यांतले कित्येक लहान रेणू स्वतःच निळे चमकतात. सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमाइन यांच्यापासून बनवलेल्या, अतिशय तेजस्वी म्हणून गाजलेल्या डॉटच्या बाबतीत नंतर असं दिसून आलं की त्या तेजातला मोठा वाटा एका लहानशा रेणूचा आहे. साध्या, नेमक्या, ओळखीच्या घटकांपासून बनवताना असं होत असेल, तर पानासारख्या खिचडीत काय होईल!

आता हेच न धुतलेलं पाणी आटवून पॉलिमरच्या द्रावणात गेलं की काय होतं? छिद्रं पाडण्यासाठी मुद्दाम घालतात ते पॉलिइथिलीन ग्लायकॉल जे काम करतं, तेच हे विरघळणारे पदार्थ करतात. मेम्ब्रेन बाथमध्ये बुडाला की ते बाहेर पळतात आणि मागे छिद्रं ठेवून जातात. थोडासा भाग भिंतींना चिकटून राहतो आणि पाणी ओढत राहतो, म्हणून थेंबाचा पृष्ठभागाशी होणारा कोनही लहान, सुंदर येतो. पुढच्या काही दिवसांत तो उरलासुरला भाग धुतला जातो आणि उघडं पॉलिसल्फोन शिल्लक राहतं. पहिल्या दिवसाचा विजय डॉटचा नव्हताच, साखरेचा होता.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. आधी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. यानं फक्त चोथा जातो. २२० नॅनोमीटरच्या छिद्रातून १० नॅनोमीटरहून लहान डॉट आणि त्याहून लहान रेणू दोघेही आरामात पार होतात, त्यामुळे ‘फिल्टर केलंय’ म्हणजे शुद्ध केलंय असं समजू नका. त्यानंतर १००० डाल्टनच्या (म्हणजे साधारण त्याहून हलके रेणू बाहेर सोडणाऱ्या) पिशवीत डायलिसिस, २४ ते ४८ तास, बाहेरचं पाणी बदलत बदलत. घड्याळ बघून थांबू नका. बाहेरच्या पाण्याची चमक आणि विद्युतवाहकता दोन्ही ताज्या डीआयोनाइज्ड पाण्याइतकी झाली की थांबा. मग पिशवीतलं फ्रीझ-ड्राय करून तोला. पहिल्यांदा तोलताना बहुतेकांचा चेहरा पडतो, इतकं थोडं हाती येतं. पण तेवढाच तुमचा खरा माल.

आणि एक तुलना न चुकता करा, कारण ती फार थोडे जण करतात. डायलिसिसच्या पिशवीबाहेरचं पाणी फेकू नका. ते आटवा आणि त्याचाच एक मेम्ब्रेन बनवा, बाकी सगळं तसंच ठेवून. त्या ‘टाकाऊ’ मेम्ब्रेनचा पहिल्या दिवसाचा फ्लक्स डॉटच्या मेम्ब्रेनइतकाच आला, तर निदान झालं. पुढचे विभाग तुमच्यासाठी सध्या गैरलागू आहेत, परत ऑटोक्लेव्हकडे जा.

निसटतोय का, ते पाण्यालाच विचारा

समजा डॉट खरे आहेत, शुद्ध आहेत. तरी ते टिकतील याची हमी नाही, आणि यात आश्चर्य काहीच नाही. अल्ट्राफिल्ट्रेशनच्या मेम्ब्रेनची छिद्रं साधारण २ ते १०० नॅनोमीटरची, डॉट १० नॅनोमीटरच्या आतला. पॉलिसल्फोनच्या साखळीवर डॉटला धरून ठेवेल असा हूक नाही. पॉलिमर घट्ट होताना जो डॉट भिंतीत गाडला गेला तो राहिला, पण गाडलेला डॉट पाण्याला दिसत नाही, त्याचा उपयोग थोडा. जो पृष्ठभागावर आहे तो कामाचा, आणि नेमका तोच सगळ्यात सैल. या साहित्याची ही मूळची अडचण आहे.

सुदैवानं डॉट स्वतःच चमकतो, म्हणजे चोराच्या पायाला घुंगरू बांधलेलंच आहे. ठरावीक क्षेत्रफळाचा तुकडा ठरावीक पाण्यात बुडवा, आणि पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी त्या पाण्याची चमक फ्लुरोमीटरवर मोजा. शेजारी साध्या मेम्ब्रेनचा तुकडा तसाच बुडवा. गाळून आलेलं पाणी आणि मेम्ब्रेन घट्ट झाला त्या बाथचं पाणीही बाटलीत राखून ठेवा. चमकेवरून प्रमाण काढण्यासाठीची रेघ त्याच खेपेच्या डॉटपासून काढा. नमुना इतका पातळ हवा की त्याचा अॅब्सॉर्बन्स (प्रकाश शोषण्याचं माप) ०.१ च्या खाली राहील. दाट नमुन्यात डॉट स्वतःचाच प्रकाश गिळतात आणि आकडा कमी येतो.

बाथचंच पाणी जोरात चमकलं, तर डॉट मेम्ब्रेनमध्ये पोचलेच नाहीत. पहिल्या दिवशी थोडी चमक येऊन पुढे शून्य, तर फक्त सैल माल धुतला गेला, काळजी नाही. रोज थोडी थोडी वाढत गेली, तर डॉट बांधलेले नाहीत. आणि पाणी कुठेच चमकत नाही पण फ्लक्स पडतोय, तर डॉट जागेवर आहेत, चोर दुसरा आहे. बहुतेक वेळा घाण बसते आहे.

इथे फसायच्या जागा आहेत. एकदा मी दोन दिवस एका मेम्ब्रेनमधून ‘निसटणाऱ्या’ डॉटचा पाठलाग केला. शेवटी कळलं की चमकत होता तो टिश्यू पेपर, ज्याच्यावर मी तुकडा टिपून घेत होतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घालतात ती द्रव्यं याच दिव्याखाली झगझगीत निळी दिसतात. नैसर्गिक पाण्यातले ह्युमिक (कुजलेल्या पाल्यातून आलेले) पदार्थही निळसर चमकतात, तेव्हा निसटण्याची चाचणी नदी-तळ्याच्या पाण्यात करू नका. उलट बाजूनं, क्लोरीन असलेल्या पाण्यात डॉटची चमक विझते. तिथे चमक गेली म्हणजे डॉट गेला असं म्हणता येत नाही, तो आंधळा होऊन तिथेच बसलेला असू शकतो.

मग बांधायचा कसा

साध्या पॉलिसल्फोनमध्ये नुसतं मिसळून डॉट कायमचा बांधता येतो, यावर माझा विश्वास उरलेला नाही. त्यापेक्षा जागा बदला. दोन जागा मला पटतात.

पहिली, मेम्ब्रेनवर चढवलेला पॉलिअमाइडचा पातळ थर. पाण्यात साधारण २ टक्के मेटा-फेनिलीनडायअमाइन, हेक्झेनमध्ये साधारण ०.१ टक्के ट्रायमेसॉइल क्लोराइड, आणि दोघांच्या सीमेवर थर तयार होतो. डॉट पाण्याच्या बाजूला घाला. त्याच्यावरचे हायड्रॉक्सिल किंवा अमाइन गट क्लोराइडशी खरा बंध जोडतात, मग तो धुतल्यानं जात नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. पानांच्या डॉटवर कार्बोक्सिल गट भरपूर असतात, ते द्रावणाचा पीएच खाली ओढतात आणि अमाइनची धार बोथट होते. म्हणून डॉट घातल्यावर पीएच मोजा आणि साध्या द्रावणाइतका परत आणा. दुसरं, डॉट जास्त झाले की ते क्लोराइडचा वाटा खातात, जाळं विरळ विणलं जातं आणि क्षारांचं रिजेक्शन कोसळतं. ०.०१ टक्क्यापासून सुरुवात करा आणि वर जाताना फ्लक्सपेक्षा रिजेक्शनवर जास्त डोळा ठेवा.

हायड्रॉक्सिलशी जुळलेला बंध एस्टर असतो, अमाइनशी जुळलेला अमाइड. एस्टर कॉस्टिक सोड्याच्या धुण्यात, पीएच ११-१२ ला, हळूहळू तुटतो. धुण्यानंतर दर वेळी मेम्ब्रेन थोडा उतरत असेल तर संशय इथेच घ्या, आणि डॉट बनवतानाच अमाइन देणारं काहीतरी ऑटोक्लेव्हमध्ये घाला.

दुसरी जागा, पॉलिअॅक्रिलोनायट्राइल. त्याच्या पृष्ठभागाला कॉस्टिकनं थोडं उकललं की कार्बोक्सिल गट उघडे होतात, आणि अमाइनवाला डॉट कार्बोडायमाइड या जोडणी करणाऱ्या रसायनाच्या मदतीनं त्यांना अमाइड बंधानं जोडता येतो. हात जास्त लागतो, पण डॉट नेमका पृष्ठभागावर बसतो, गाडला जात नाही.

द्रावणच दाणेदार होतं तेव्हा

हे पटकन सांगतो, कारण दोष जवळपास नेहमी तोच निघतो: पाणी. डॉट नीट वाळलेले नसले की त्यांच्याबरोबर पाणी पॉलिमरच्या द्रावणात शिरतं, आणि एनएमपी या सॉल्व्हंटमधल्या पॉलिसल्फोनला गढूळ व्हायला काही टक्के पाणी पुरतं. एनएमपी हवेतलंही पाणी पितं. दमट दिवशी ओढलेला थर बाथमध्ये जाण्याआधीच पांढुरका दिसला, तर तो डॉटचा पराक्रम समजू नका, हवेचा आहे.

क्रम असा ठेवा: आधी कोरडे डॉट सॉल्व्हंटमध्ये, मग अल्ट्रासोनिक बाथ, मग पॉलिमर. पॉलिमर घातल्यानंतर प्रोबनं जोरात सोनिकेशन करू नका, साखळ्याच तुटतात. नंतर रात्रभर स्थिर ठेवून बुडबुडे जाऊ द्या. एका बुडबुड्याचं भोक सगळं रिजेक्शन घेऊन बुडतं. डॉटचं प्रमाण पॉलिमरच्या वजनाच्या १ टक्क्याच्या आत ठेवून सुरू करा. थोड्या डॉटनं पॉलिमर लवकर वेगळा होतो आणि छिद्रं वाढतात. जास्त झाले की द्रावण दाट होतं, सगळं मंदावतं, डॉट गोळा होतात. म्हणूनच आलेखाला आधी चढ आणि मग उतार दिसतो, आणि प्रमाण दुप्पट करणारा माणूस नेमका उतारावर उतरतो.

रंग अडला, पण कशानं

मेथिलीन ब्लूचं पाणी एका बाजूनं निळं आणि दुसऱ्या बाजूनं स्वच्छ आलं, की फोटो काढायचा मोह आवरत नाही. पण हा रेणू जेमतेम दीड नॅनोमीटरचा, अल्ट्राफिल्ट्रेशनच्या छिद्रांतून त्याला सहज जाता येतं. मग अडला कसा? तो धन भाराचा, डॉट ऋण भाराचे, तो चिकटला. चिकटायच्या जागा भरल्या की तो पलीकडे दिसू लागतो, आणि लोक म्हणतात मेम्ब्रेन बिघडला. मेम्ब्रेनला काही झालेलं नसतं, तो फक्त भरलेला असतो.

हिशोब मांडा: सुरुवातीला किती रंग होता, गाळलेल्या पाण्यात किती गेला, वर किती उरला. बेरीज कमी पडत असेल तर तो फरक मेम्ब्रेनला चिकटलेला आहे. छिद्रांचा खरा आकार बघायचा असेल तर वेगवेगळ्या वजनाचं पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा डेक्सट्रान वापरा. भार नसल्यामुळे ही मंडळी डॉटच्या भाराला भुलत नाहीत.

प्रयोगशाळेत जिंकतो, कठीण पाण्यात हरतो

हा दोष मला सगळ्यात जास्त छळणारा वाटतो, कारण इथे सगळं नीट केलेलं असतं. डॉट शुद्ध, बांधलेले, अल्ब्युमिन या प्रथिनाच्या चाचणीत मेम्ब्रेन धुतल्यावर जवळजवळ सगळा फ्लक्स परत देतो. प्रत्यक्ष पाणी लावलं की साध्या मेम्ब्रेनहूनही लवकर तुंबतो.

अल्ब्युमिनचा भार पीएच ४.७ च्या आसपास शून्य होतो. आपण चाचणी घेतो ७ च्या वर, तिथे अल्ब्युमिन ऋण, डॉटचा पृष्ठभागही ऋण, दोघे एकमेकांना दूर लोटतात. चाचणी डॉटच्या बाजूनं झुकलेली होती. कठीण पाण्यात कॅल्शियम असतं, आणि दोन धन भारांचा हा आयन एका हातानं डॉटचा कार्बोक्सिल गट धरतो, दुसऱ्या हातानं पाण्यातल्या ह्युमिक आम्लाचा किंवा जंतूंच्या चिकट स्रावाचा. म्हणजे ज्या गटांसाठी आपण डॉट घातले, तेच गट घाणीला बसायला खुर्ची देतात.

पडताळा सोपा आहे. तेच ह्युमिक आम्लाचं द्रावण एकदा नुसतं गाळा आणि एकदा १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घालून. दुसऱ्यांदा फ्लक्स झपाट्यानं पडला तर कॅल्शियमचं काम. अशा मेम्ब्रेनला ईडीटीएनं धुतल्यावर फ्लक्स परत येतो, कारण ते कॅल्शियम ओढून घेतं. साध्या पाण्यानं कितीही धुतलं तरी येत नाही. यावरचा उपाय डॉट बदलण्याचा आहे: कार्बोक्सिल कमी आणि हायड्रॉक्सिल-अमाइन जास्त असलेला. आणि हो, मेम्ब्रेन घट्ट करायच्या कोॲग्युलेशन बाथलाही डीआयोनाइज्ड पाणीच वापरा, नाहीतर कॅल्शियम पहिल्याच दिवशी येऊन बसतं.

मागच्या खेपेला जमलं होतं

पान म्हणजे कारखान्यातून आलेलं रसायन नव्हे. कोवळं, जून, पावसानंतरचं, उन्हातलं, प्रत्येकाची साखर, क्षार आणि सिलिका वेगळी. दोन खेपांचे डॉट सारखेच निघतील असं धरून चाललात तर महिनाभर भुताच्या मागे धावाल. एकाच वेळी भरपूर पूड करून, मिसळून, कोरड्या डब्यात ठेवा आणि सगळी मालिका त्याच पुडीतून करा. प्रत्येक खेपेचं वाळलेलं वजन, पीएच, ३५० नॅनोमीटरचा अॅब्सॉर्बन्स आणि झीटा पोटेन्शियल (कणांच्या पृष्ठभागावरच्या भाराचं माप) वहीत लिहा. झीटा −३० मिलिव्होल्टपेक्षा शून्याकडे सरकलेला असेल, तर ती खेप द्रावणात गोळा होण्याची शक्यता मोठी, आणि तिच्यावर पॉलिमर खर्च करू नका. डॉट पाण्यात ठेवून विसरू नका. साखर उरलेली असली की बाटलीत बुरशी धरते, मी धरलेली पाहिली आहे. फ्रीझ-ड्राय करून ठेवा.

आणि जे मेम्ब्रेन आधीच बनवून ठेवलेत, ते फेकू नका. डीआयोनाइज्ड पाण्यात बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, चमक थांबेपर्यंत. मग चेपून, २५ अंशांवर आणून, नव्यानं मोजा आणि साध्या मेम्ब्रेनशी तुलना करा. तो आकडा पहिल्या दिवसाच्या आकड्याहून लहान असेल, कदाचित फारच लहान. वहीत ‘सुरुवातीचा फ्लक्स’ या रकान्यात तोच लिहा.